आधी आतला लूप

धाराशिव जिल्ह्यात कारखाना म्हटले की माणसे साखर कारखानाच धरून चालतात. ढोकीचा तेरणा, केशेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मुरूमचा विठ्ठलसाई, रांजणीचा नॅचरल शुगर. हंगामाच्या तोंडावर बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, पेपरात फोटो येतात. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी मात्र कुठल्याच फोटोत नसते. ती फार उतरली तर नळ्या कोरड्या पडून जळतात. फार चढली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनच्या पात्यांवर आदळते.

कमी झाले की पाणी सोडायचे, इतके हे सोपे असते तर एकच कंट्रोलर पुरला असता. पण वाफेची मागणी एकदम वाढली की ड्रममधला दाब घसरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी चढलेली दिसते. दूध उतू येते तेव्हा भांड्यातले दूध वाढलेले नसते, तसेच हे. पाण्याची खरी गरज असते नेमक्या त्या वेळी कंट्रोलर व्हॉल्व्ह आवळू लागतो. उलटेही घडते. उसाच्या गाड्या आल्या नाहीत की पाळीच्या नोंदवहीत ‘नो केन’ लिहिले जाते. गाळप थांबते, वाफेची ओढ कोसळते, बुडबुडे दबतात, पातळी खाली जाते. आणि कंट्रोलर नको असलेले पाणी ओतत बसतो. दुष्काळी पट्ट्यात उसाचा तुटवडा नवा नाही, त्यामुळे हा प्रसंग इथे ओळखीचा आहे.

यावर उपाय म्हणजे कॅस्केड, एकात एक बसवलेले दोन लूप. बाहेरचा पातळी पाहतो, पण व्हॉल्व्हला हात लावत नाही. किती पाणी हवे तेवढा आकडा आतल्याला देतो. आतला लूप पाण्याचा प्रवाह मोजून तो आकडा गाठतो. जोडीला वाफेच्या प्रवाहाचे मोजमाप थेट त्या आकड्यात मिळवतात, म्हणजे जेवढी वाफ गेली तेवढे पाणी लगेच निघते आणि बुडबुड्यांनी होणारी फसगत कमी होते. बॉयलरचे जळण म्हणजे बगॅस, उसाचा चोथा; त्यात साधारण निम्मे पाणीच असते. ओला बगॅस आला की आग मंदावते, ड्रमचा दाब उतरतो, आणि व्हॉल्व्ह जागचा न हलताही त्यातून जाणारे पाणी बदलते. हा बदल पातळीपर्यंत पोहोचण्याआधी आतल्या लूपने मिटवायचा असतो.

ट्यूनिंगचा, म्हणजे कंट्रोलरचे गेनसारखे आकडे जुळवण्याचा क्रम यातूनच ठरतो. बाहेरचा लूप मॅन्युअलवर, आतला ऑटोवर. सेटपॉइंट थोडा वर, थोडा खाली करायचा आणि ट्रेंड पाहायचा. आतला लूप बाहेरच्यापेक्षा निदान तीन ते पाच पट चपळ हवा, नाहीतर दोघे एकमेकांना झुलवतात. प्रवाहाचा सिग्नल थरथरता असतो, म्हणून तिथे डेरिव्हेटिव्ह शक्यतो वापरत नाहीत. हे जमल्यावरच बाहेरच्या लूपकडे वळायचे, तेही हलक्या हाताने. झिगलर आणि निकोल्स यांची 1942 मधली रीत पुस्तकात पहिली भेटते, पण तिने येणारे आकडे ड्रमसाठी फार आक्रमक ठरतात. पातळी थोडी तरंगली तर चालते; पाण्याचा प्रवाह उसळ्या मारू लागला तर चालत नाही.

माझ्या मते बिघडलेल्या लूपांपैकी बऱ्याच लूपांचा दोष आकड्यांत नसतोच. व्हॉल्व्ह ग्लँडमध्ये अडकतो, मग एकदम सुटतो. अशा व्हॉल्व्हवर गेन बदलत बसणे म्हणजे वेळ घालवणे. दुसरी अडचण सवयीची. एकदा पातळी डोलली की ऑपरेटर लूप मॅन्युअलवर टाकतो आणि तो हंगामभर तसाच राहतो. त्याला दोष देता येत नाही, ड्रमची जबाबदारी त्याच्या अंगावर असते. मात्र आतला लूप मॅन्युअलवर असताना बाहेरच्याचे आउटपुट प्रत्यक्ष प्रवाहाच्या मागे चालते की नाही, हे आधीच तपासून ठेवले पाहिजे. नसेल, तर बाहेरच्याचे इंटिग्रल साचत जाते आणि लूप परत जोडताच पाण्याला हिसका बसतो. तो एकदा अनुभवलेला माणूस ऑटोच्या बटणाला पुन्हा सहजासहजी हात लावत नाही.

ट्यूनिंगचे हे काम बिगरहंगामात उरकताही येत नाही. थंड बॉयलरवर ना बुडबुडे, ना भार. तेव्हा व्हॉल्व्ह उघडून साफ करता येतात, ट्रान्समीटर कॅलिब्रेट करता येतात. दुरुस्त झालेला व्हॉल्व्ह वेगळा वागतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या नोंदवहीतले गेन सुरुवातीला भरायला ठीक. खरे ट्यूनिंग गाळप पूर्ण क्षमतेवर आल्यावरच होते, आणि तेव्हा गिरणी थांबवून चाचणी घ्यायला कोणी परवानगी देत नाही.