गोळीबार संपला, गर्दी आली

कपल फोटो टाकायचा आणि खाली कॅप्शन ‘बॉनी अँड क्लाइड’! इन्स्टावर हे इतकं कॉमन आहे, की या नावांची दोन खरी माणसं होती हेच विसरायला होतं. जगाच्या विरोधात फक्त आपण दोघं, सुसाट गाडी, बिनधास्त प्रेम वगैरे वगैरे. ही इमेज बरीचशी तयार झाली ती दोघं मेल्यानंतर. म्हणून गोष्ट शेवटापासूनच सुरू करू.

२३ मे १९३४. अमेरिकेत महामंदीचे दिवस. लुइझियाना राज्यात गिब्सलँड गावाजवळच्या रस्त्यावर माजी टेक्सास रेंजर फ्रँक हेमर आणि त्याचे पाच साथीदार झुडपांत दबा धरून बसले होते. टोळीतल्याच हेन्री मेथ्विनच्या वडिलांचा ट्रक मुद्दाम रस्त्याकडेला उभा केला होता. सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो बघून क्लाइडने चोरीची फोर्ड व्ही-८ हळू केली आणि गोळ्या सुरू झाल्या. जवळपास १३० गोळ्या! बॉनी पार्कर तेव्हा २३ वर्षांची होती, क्लाइड बॅरो तिच्यापेक्षा थोडासाच मोठा.

खरा धक्का पुढे आहे. बातमी पसरली तसे लोक धावत आले, पण नुसते बघायला नाही. कुणी काडतुसांच्या पुंगळ्या उचलल्या, कुणी काचेचे तुकडे. एका बाईने बॉनीचे रक्ताने माखलेले केस कापून घेतले. एकाने तर क्लाइडचं बोट कापायचा प्रयत्न केला. मृतदेह आत असतानाच गाडी ओढून आर्केडिया गावात नेली. तिथे फर्निचरच्या दुकानातच अंत्यविधीची सोय होती. त्या दुकानाबाहेर हजारो लोक जमले. मोबाइल नव्हते, एवढंच. बाकी गर्दी आजच्यासारखीच.

डॅलसला बॉनीच्या अंत्ययात्रेला सुमारे २० हजार लोक आले, असं सांगतात. सगळ्यात मोठं पुष्पचक्र कुणाचं होतं माहितीये? शहरात पेपर विकणाऱ्या पोरांचं! या दोघांच्या मरणाने एकट्या डॅलसमध्ये पाच लाख पेपर खपले होते. आपल्याला शेजारी शेजारी पुरतील, असं बॉनीने स्वतःच्या कवितेत लिहून ठेवलं होतं. पण तिच्या आईने ठाम नकार दिला. आजही दोघं डॅलसमध्येच, पण वेगवेगळ्या दफनभूमीत आहेत. पुढच्या वर्षी या दोघांना आसरा दिला म्हणून वीसेक नातेवाईक आणि मित्रांवर खटला चालला. दोघांच्याही आयांना तीस दिवसांची कैद झाली.

गाडीचं काय झालं? मूळ मालकिणीला ती परत मिळवण्यासाठी कोर्टात जावं लागलं. मग तीच भोकं पडलेली गाडी गावोगावी तिकीट लावून दाखवली गेली. पुढे ती नेव्हाडातल्या कॅसिनोत पोचली. क्लाइडचा शर्ट १९९७ मध्ये ८५ हजार डॉलरला विकला गेला. २०१२ मध्ये दोघांच्या दोन पिस्तुलांचे मिळून पाच लाख डॉलर आले. मधे १९६७ ला वॉरन बेट्टी आणि फे डनवे यांचा सिनेमा आला आणि ही जोडी कायमची ‘कूल’ झाली.

प्रत्यक्षात कूल असं फार काही नव्हतं. बँकांपेक्षा छोटी दुकानं आणि पेट्रोलपंपच जास्त लुटले. अनेक रात्री गाडीतच झोपून काढल्या. अपघातात बॉनीचा पाय इतका भाजला होता, की शेवटच्या वर्षी तिला धड चालताही येत नव्हतं. तोंडात सिगार धरलेला तिचा तो फेमस फोटोसुद्धा गंमत म्हणून काढलेला. १९३३ मध्ये जॉप्लिनमध्ये दोन पोलिसांना मारून टोळी पळाली, तेव्हा घरात कॅमेऱ्याचे रोल सापडले. पेपरने ते फोटो छापले आणि ‘गन मोल’ बॉनी घराघरात पोचली.

आता एक नाव, जे सहसा कुणी घेत नाही. १ एप्रिल १९३४, ईस्टरचा दिवस. टेक्सासमध्ये ग्रेपव्हाइनजवळ रस्त्याकडेला एक गाडी थांबलेली दिसली. कुणाला मदत हवी असेल असं समजून एडवर्ड व्हीलर आणि एच. डी. मर्फी या दोन पोलिसांनी मोटरसायकली थांबवल्या. टोळीने दोघांनाही गोळ्या घातल्या. मर्फीचं लग्न ठरलेलं होतं. त्याची होणारी बायको लग्नासाठीचा ड्रेस घालून त्याच्या अंत्यसंस्काराला आली.

बॉनी-क्लाइड जिथे मेले, तिथे एक दगड उभारलाय. हौशी लोकांनी त्यावरही गोळ्या झाडल्या, आठवण म्हणून टवके काढून नेले. ग्रेपव्हाइनजवळही एक दगड आहे. त्यावर व्हीलर आणि मर्फी अशी नावं आहेत. ती मात्र कुणी कॅप्शनला टाकत नाही.