जुने स्विंग कसे ऐकावे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कॉलेजातला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर टेबलापाशी आला. घरची कोरडवाहू शेती, रोज एस. टी. ने येणेजाणे. मोबाइलला जोडलेले कानातले यंत्र माझ्यापुढे करून म्हणाला, "सर, हे जरा ऐका."

मी ऐकले. आधी थोडी खरखर, मग पियानो, आणि मग एकामागून एक कितीतरी फुंकवाद्ये. अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या वाद्यवृंदाची ती १९३७ सालची ध्वनिमुद्रिका होती. नाव 'वन ओ'क्लॉक जंप'. कुठलीशी नाचाची चित्रफीत पाहताना ती त्याला सापडली होती.

"सर, यात गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत. तरी पाय आपोआप हलतो. का हलतो? आणि मजा यायला लागते तोच संपतं. एवढं लवकर का संपतं?"

प्रश्न दोनच, पण उत्तर व्हरांड्यात उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते. खरे सांगायचे तर त्याच्या वयाचा असताना हेच संगीत मी "काय हा गोंगाट!" म्हणून बंद केले होते. कान वळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. म्हणून त्या मुलाला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम हे संगीत कोणते ते पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरी, कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तीत जाझ संगीत वाढीस लागले. पुढे त्याचे मोठे वाद्यवृंद झाले. साधारण १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत अशा वाद्यवृंदांच्या नाचाच्या संगीताने सारी अमेरिका वेडी करून सोडली. त्या संगीताला 'स्विंग' म्हणतात. स्विंग म्हणजे झोका. नाव अगदी यथार्थ आहे. कसे ते आता सांगतो.

मनात एक, दोन, तीन, चार असे सारख्या चालीने मोजा. आता प्रत्येक मात्रेत दोन स्वर बसवायचे आहेत. तुम्ही म्हणाल, निम्मे-निम्मे करू. स्विंगवाले तसे करीत नाहीत. ते एका मात्रेचे जणू तीन भाग करतात; पहिल्या स्वराला दोन भाग देतात आणि दुसऱ्याला एक. म्हणजे 'ट-ट, ट-ट' असे न होता 'टाऽ-ट, टाऽ-ट' असे होते. झोका वर जाऊन क्षणभर रेंगाळतो आणि मग झपकन खाली येतो ना, तसे. हे प्रमाणही काटेकोर नसते. चाल जलद झाली की दोन्ही स्वर बरोबरीला येऊ लागतात, चाल संथ असली की लांबचा स्वर आणखी लांबतो. कागदावर नोटेशन लिहिताना मात्र दोन्ही स्वर सारखेच लिहितात. झोका वाजवणाऱ्याने आपल्या अंगातून द्यायचा असतो. पाय हलतो तो त्या रेंगाळण्यामुळे. पुढचा स्वर आता येईल, आता येईल, अशी आपली वाट पाहणे चालू असते, आणि ती वाट आपण पायाने पाहतो.

हा झोका तोलून धरण्याचे काम चौघांकडे असते: पियानो, गिटार, उभा मोठा बास आणि ड्रम. बेसीच्या वृंदात बासवर वॉल्टर पेज होता. तो प्रत्येक मात्रेला एक स्वर टाकीत जिना चढावा-उतरावा तसा चालत राही. जो जोन्स हा ड्रमवाला ताल मोठ्या ढोलावर न आदळता पायाने मिटायच्या झांजांवर हलकेच धरी. आणि फ्रेडी ग्रीन गिटारवर चारही मात्रा छेडी. १९३७ साली तो वृंदात आला आणि १९८७ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. एवढ्या वर्षांत त्याने एकट्याने पुढे होऊन फारसे वाजवले नाही. त्याची गिटार पहिल्यांदा ऐकताना बहुधा ऐकूच येत नाही. पण ती आहे, म्हणून बाकीचे उभे आहेत.

यांच्यापुढे फुंकवाद्यांचे तीन तांडे: सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. ही वाद्ये आपल्याला अगदीच परकी नाहीत. खेड्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तुम्ही पाहिलेच असतील. स्विंगमध्ये हे तांडे एकमेकांशी बोलतात. सॅक्सोफोनांनी एक छोटा तुकडा टाकावा, ट्रम्पेटांनी त्याला उत्तर द्यावे. पोवाड्यात शाहीर कडवे टाकतो आणि झीलकरी "जी जी" करून ते उचलून धरतात, त्याची आठवण ठेवा म्हणजे हे सवालजवाब चटकन कळतील. मधूनच एखादा वादक एकटा पुढे येतो आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. बाकीचे त्याला पाठीमागून आधार देतात.

'वन ओ'क्लॉक जंप'चा साचा तर फार सोपा आहे. चार-चार मात्रांची बारा मापे, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. आरंभी बेसी स्वतः पियानोवर. मग आवर्तनामागून आवर्तन वेगवेगळे वादक. त्यात टेनर सॅक्सोफोनवाले दोघे आहेत. हर्शेल इव्हान्सचा सूर भरदार, तर लेस्टर यंगचा हलका, तरंगता. वाद्य एकच, पण माणसे किती निराळी! एवढे ओळखता आले की तुम्ही या संगीताचे श्रोते झालात म्हणून समजा.

आता दुसरा प्रश्न. हे तीन मिनिटांत का संपते?

याचे उत्तर संगीतात नाही, तबकडीत आहे. त्या काळची दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावे. नाचघरात हेच वादक नाचणारे थकेपर्यंत एखादी चीज लांबवीत. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र ती छाटून तीन मिनिटांत बसवावी लागे. आपल्याकडच्या थोर गवयांवरही हीच पाळी आली होती, हे जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणारांना ठाऊक आहे.

आणि ही तबकडी कशाची होती? लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात तिची. त्या राळेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश म्हणजे भारत. विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलांतही लाख होते. तेव्हा न्यूयॉर्कच्या नाचघरातला झोका ज्या वस्तूवर उमटला, ती आपल्या रानातल्या झाडांवरची होती. १९४२ साली, ऐन युद्धात, अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर निर्बंध घातले आणि नव्या तबकड्यांवर टाच आली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिथल्या वादकांच्या संघटनेने मोबदल्याच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणाचा संप पुकारला. तो १९४४ पर्यंत लांबला. वादक सैन्यात गेले, प्रवास अवघड झाला, आणि युद्ध संपल्यावर एकेक मोठा वृंद मोडत गेला.

मग त्या काळचे लांबलचक वादन कायमचेच गेले का? बरेचसे गेले, पण सगळे नाही. ते वाचले रेडिओमुळे.

न्यूयॉर्कमध्ये बिल सॅव्होरी नावाचा एक तरुण तंत्रज्ञ होता. रेडिओवरचे कार्यक्रम गिऱ्हाइकांसाठी तबकडीवर उतरवून देण्याचा धंदा करणाऱ्या एका स्टुडिओत तो कामाला होता. १९३५ च्या पुढे काही वर्षे नाचघरांतून रात्री जे संगीत प्रसारित होई, ते त्याने स्वतःसाठीही मोठ्या तबकड्यांवर टिपून ठेवले. हा ठेवा त्याने जन्मभर जवळ बाळगला. २००४ साली तो वारला. त्याच्या मुलाकडून २०१० साली हार्लेममधल्या जाझ संग्रहालयाला हा संग्रह मिळाला. जवळजवळ हजार तबकड्या! काहींना बुरशी आलेली, काही तडकलेल्या. त्या एकेक साफ करून त्यांवरचा आवाज उतरवून घेण्यात आला. कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकाची 'बॉडी अँड सोल' ही १९३९ ची तबकडी फार गाजलेली आहे. ती तीन मिनिटांची. सॅव्होरीच्या संग्रहात हीच चीज त्याने १९४० साली नाचघरात वाजवलेली आहे, आणि ती जवळजवळ दुप्पट लांब आहे. सत्तर वर्षे कोणी न ऐकलेले वादन पुन्हा जगापुढे आले. आजच्या श्रोत्याच्या वाट्याला आलेले हे भाग्य आहे. १९५० सालच्या श्रोत्याला ते नव्हते.

रेडिओचा आणखी एक पराक्रम सांगतो. बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाचा वृंद १९३४-३५ च्या हिवाळ्यात रेडिओवर वाजे. न्यूयॉर्कमध्ये त्याची पाळी येई तेव्हा मध्यरात्र झालेली असे, लोक झोपलेले. पण पश्चिम किनाऱ्यावर घड्याळ तीन तास मागे. तिथली पोरे ऐन जागी! २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नाचघरात तो वृंद आला, तेव्हा त्याच पोरांनी गर्दी केली. स्विंगयुगाचा प्रारंभ या रात्रीपासून मानण्याची प्रथा आहे.

पण इथे थोडे थांबले पाहिजे. त्या रात्री ज्या रचनांनी गर्दी डोलू लागली, त्यांतल्या कित्येकांची मांडणी फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय रचनाकाराने केलेली होती. 'स्विंगचा राजा' ही पदवी गुडमनला मिळाली. हेंडरसनचे नाव किती जणांनी घेतले? हार्लेममधल्या कॉटन क्लबात ड्यूक एलिंग्टन वाजवी. वाजवणारे कृष्णवर्णीय, पण समोर बसण्याची मुभा गोऱ्यांना. बेसीने ज्या कंपनीशी पहिला करार केला, त्या करारात तबकड्यांच्या विक्रीवर रॉयल्टी नव्हती. 'वन ओ'क्लॉक जंप' त्याच करारातली. म्हणजे जी तबकडी ऐकून आपला पाय हलतो, ती कितीही खपली तरी त्या कराराने बेसीला वर काही मिळायचे नव्हते. याच्या उलट उदाहरणेही आहेत. हार्लेमच्या सॅव्हॉय नाचघरात १९२६ पासून काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचत. गुडमननेही टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना आपल्याबरोबर रंगमंचावर बसवले. त्या काळी त्याला धैर्य लागे. हा इतिहास ठाऊक नसला तरी पाय हलेल. पण ठाऊक असला म्हणजे आपण कोणाचे देणे लागतो ते कळेल.

आता आपल्याकडे येऊ. १९३५ साली लिऑन ॲबी आपला वृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आणखीही अमेरिकन वादक आले. त्यांचे संगीत गोव्याच्या वादकांनी उचलले. चर्चच्या शाळांत त्यांना नोटेशन लहानपणीच शिकवलेले असे, त्यामुळे ते त्यांना अवघड गेले नाही. हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवर गाजला. याच गोवेकर वादकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत झोका आणला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'ला संगीत दिले. त्यात भगवानदादांच्या नाचामागे चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार वाजवताना पडद्यावर दिसतात. तेव्हा स्विंग परदेशी खरे, पण जत्रेतल्या तंबूत 'अलबेला' पाहणाऱ्या आपल्या आजोबांनी त्यावर न कळत ताल धरलेला असणार!

शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवतो. शनिवारच्या शेवटच्या तासाला अशी एक तबकडी मोबाइलवरून मुलांना ऐकवा. एकदाच नव्हे, तीनदा. पहिल्या वेळी मुलांनी फक्त चार मात्रा मोजाव्यात. दुसऱ्या वेळी कोणता तांडा सवाल करतो आणि कोणता जवाब देतो ते हाताने दाखवावे. तिसऱ्या वेळी एकच वाद्य पकडून शेवटपर्यंत त्याच्यामागे जावे. खरखरीकडे लक्ष देऊ नका. जुन्या पोथीचे पान पिवळे असते म्हणून आपण ओळी वाचायच्या सोडत नाही. सारा खेळ तीन मिनिटांचा, तीनदा ऐकला तरी नऊ-दहा मिनिटे. पण एका माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय त्यातून लागते, आणि ती संगीतापुरती राहत नाही.

त्या मुलाला मी फ्रेडी ग्रीनची गिटार शोधायला सांगितले होते. मात्र एक खुलासा केला, की 'वन ओ'क्लॉक जंप'मध्ये ती ऐकू आली नाही तर त्याच वृंदाच्या नंतरच्या तबकड्या लाव. महिना गेला. मी विसरूनही गेलो. एक दिवस एस. टी. स्टँडवर भेटला. गर्दीतून वाट काढत जवळ आला आणि म्हणाला, "सर, सापडली. आता ती ऐकू येते, तर बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे असं वाटतं."

तेवढ्यात त्याची गाडी लागली.