पात्यावरची पट्टी

विजेच्या रंधा मशीनने अर्ध्या दिवसाचं काम अर्ध्या तासावर आणलं, याबद्दल तक्रार करणारा सुतार मला अजून भेटायचाय. वाकड्या फळीवरचा माल हाताने उतरवणं ही कला नव्हती, हमाली होती. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथमने १७९१ साली लाकूड तासायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. अमेरिकेत विल्यम वुडवर्थच्या १८२८च्या पेटंटने तर मक्तेदारीच उभी केली आणि तिचे तंटे सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. हमालीचा निकाल तेव्हाच लागला. वाद उरतो तो शेवटच्या हाताचा.

मशीनमधलं पातं फिरतं, म्हणून त्याचा प्रत्येक घाव कमानीसारखा बसतो आणि मागे उथळ खळगी ठेवतो. मिनिटाला १६,००० फेरे, दोन पाती आणि मशीन मिनिटाला ८ मीटर पुढे सरकतंय असं धरा. दोन्ही पाती केसभरही वरखाली असली, आणि बहुतेकदा असतातच, की शेवटची खूण एकाच पात्याची राहते : दर अर्ध्या मिलिमीटरला एक लाट. बोटाला ती लागत नाही. पॉलिश चढून खिडकीचा तिरपा उजेड पडला, की मात्र दिसते.

हातरंध्याचं पातं स्थिर, त्यामुळे त्याला ही लाट नाही. त्याची खोड निराळी. लाकडाची रेघ उलटी आली की पात्याच्या पुढे चीर धावते आणि तंतू कापले न जाता उचकटतात. त्यावरचा जुना उपाय म्हणजे पात्यावर घट्ट बसवलेली दुसरी पट्टी. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल कॅरुथर्सने १७६७ साली अशा दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात दिली होती. पुढे मात्र ही पट्टी फक्त पातं थरथरू नये म्हणून असते, असा समज बराच पसरला.

तिचं खरं काम उलगडून दाखवलं ते यंत्रांवर काम करणाऱ्या संशोधकांनी! जपानमध्ये 'सुपर सरफेसर' नावाचं यंत्र आहे. त्यात पातं स्थिर असतं आणि फळी त्यावरून ओढली जाते. म्हणजे मोटार लावलेला रंधाच. यामागाता विद्यापीठाच्या यासुनोरी कावाई आणि चुतारो काटो यांनी पातं कापताना जवळून चित्रित केलं. पट्टी धारेपासून जेमतेम ०.१ मिलिमीटर मागे, म्हणजे कागदाच्या जाडीइतकी, आणि तिचं टोक ८० अंशांपर्यंत उभं असलं, की उठतं सालपट तिच्यावर आपटून दुमडतं. चिरेला पुढे धावायला वावच मिळत नाही. २०१२च्या सुमारास ही फीत इंग्रजी वाचकांत पोचली आणि हातरंधेवाले आपापली पट्टी पुढे सरकवू लागले. (दहा मायक्रॉनहून पातळ सालपट काढायच्या जपानी स्पर्धा वेगळ्या, ती कसरत आहे, फर्निचर नव्हे.)

आपल्याकडे मशीनच्या लाटा पॉलिश पेपरने घासून काढतात. रंध्यातून सालपट पडतं, पेपरातून उडते ती धूळ, आणि ती थेट नाकात जाते. इंग्लंडमधल्या फर्निचर कामगारांत नाकाच्या कर्करोगाचं प्रमाण असाधारण असल्याचं १९६८ सालीच प्रसिद्ध झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं.

तेव्हा घरात सागवानी काम काढाल तर मशीन खुशाल चालू द्या. शेवटचा हात मात्र धारदार रंध्याचा मागा, त्याचे दोन पैसे जास्त मोजा. आणि पॉलिश पेपर चालणारच असेल, तर सुताराला चांगला मास्क आणून द्या.