विजेच्या सायकलीचे लिथियम-घट : रचना, निवड व निगा

गांवापासून मळा दूर, दिवसांतून दोन-तीन खेपा, आणि पंपाच्या विजेची पाळी पुष्कळदां रात्रीची. अशा स्थितींत शेतकऱ्यास विजेची सायकल सोयीची वाटावी यांत नवल नाहीं. परंतु या वाहनाचा सर्वांत महाग भाग बहुधा त्याची बॅटरी असते, आणि घेणारा मात्र चाकें दाबून पाहतो व बॅटरी न तपासतां पैसे मोजतो. बैल घेतांना दांत मोजणाऱ्या आमच्या शेतकरीबंधूंनीं येथें आंधळा व्यवहार करूं नये, एवढ्याकरितां हा लेख आहे.

घटाची रचना :— बॅटरी म्हणजे एक वस्तु नव्हे. ती लहान लहान घटांची माळ होय. या घटांस बाजारांत सेल म्हणतात. नेहमींच्या घटाचा व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर असते, म्हणून त्यास १८६५० हें नांव पडलें. २१७०० हा त्याहून थोडा मोठा. आंत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा व ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर लिथियमच्या संयुगाचा लेप असतो. दोहोंमध्यें सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा घालून सर्वांची गुंडाळी करितात व ती एका ज्वालाग्राही द्रावणांत भिजवितात. घट भरतांना लिथियमचे आयन संयुगांतून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. सायकल चालतांना ते परत येतात. असे घट प्रथम सन १९९१ सालीं जपानांत सोनी कंपनीनें विक्रीस आणले, आणि त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस सन २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

माळेचा हिशेब :— एका घटाचा दाब सुमारें ३.६ व्होल्ट असतो. असे १० घट एकापुढें एक जोडले म्हणजे ३६ व्होल्ट होतात. अशा ४ ओळी शेजारीं शेजारीं जोडल्या म्हणजे सांठा चौपट होतो. २.५ अँपिअर-तासांचे ४० घट घेतले तर ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास शक्ति मिळते. पायांची जोड देत चालविल्यास सपाट रस्त्यावर दर किलोमीटरास सुमारें १० वॅट-तास लागतात, असें धरून घेणाऱ्यानें आपल्या खेपांचा हिशेब आधींच करावा. एवढ्या शक्तीची शिशाची बॅटरी १० किलोंहून जड भरते. लिथियमची मात्र दोन-तीन किलोंत बसते.

परंतु माळेचा एक धर्म ध्यानांत ठेवावा. काळ्या रानांत मोठ्या नांगरास चार जोड्या जुंपल्या आणि त्यांतील एक दुबळी असली, तर औत तिच्या चालीनें चालतें. तसेंच येथें एक घट दुबळा झाला कीं तो सर्वांआधीं रिकामा होतो व सर्वांआधीं भरतो, आणि सगळी माळ त्याच्या मर्यादेंत अडकते. यावर देखरेख ठेवण्यासाठीं पेटींत एक नियंत्रक असतो, त्यास बीएमएस म्हणतात. तो नसलेली बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊं नये. तसेंच जुन्या माळेंत एखादाच नवा घट बसविण्याची दुरुस्ती करवूं नये.

दोन जाती :— निकेल, मँगेनीज व कोबाल्ट यांच्या संयुगाचे घट हलके, पण उष्णतेस कमी टिकाऊ. लोह-फॉस्फेटच्या घटाचा दाब ३.२ व्होल्ट, त्याच सांठ्यास तो जड होतो, परंतु भरण्याच्या पुष्कळ अधिक फेऱ्या सोसतो व सहजीं पेट घेत नाहीं. ज्यास वजनाची अडचण नाहीं, त्यानें दुसरी जात पसंत करावी. १८६५० मापाच्या चांगल्या घटाचा सांठा सुमारें ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असतो. ज्यावर ९,९०० छापलेलें आढळेल, तो माल खोटा समजावा.

निगा :— घटाचे मुख्य शत्रू तीन : उष्णता, कांठोकांठ भरून पडून राहणें, आणि पूर्ण रिकामें होणें. उन्हाळ्यांत पत्र्याच्या छपराखालीं किंवा बांधावर उन्हांत बॅटरी ठेवूं नये. उन्हांतून आल्याबरोबर ती भरावयास न लावतां निवूं द्यावी. सायकल महिना दोन महिने बंद राहणार असेल तर सांठा अर्ध्याच्या आसपास ठेवावा व मधून मधून पाहावा. निकेल जातीच्या ३६ व्होल्टच्या माळेचें चार्जर ४२ व्होल्टांचें असतें व ४८ व्होल्टच्या माळेचें ५४.६ व्होल्टांचें, खांचा जुळतात म्हणून एकाचें दुसऱ्यास लावणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय.

आगीचें भय :— घटांतील पडदा फाटला अथवा तो अति तापला, तर आंतील उष्णता आपली आपणच वाढत जाते आणि एकाची आग शेजारच्या घटास लागते. न्यूयॉर्क शहरांत सन २०२३ या एका वर्षांत लिथियम बॅटऱ्यांमुळें २६८ आगी लागून १८ माणसें दगावलीं. त्यांत विजेच्या सायकली व स्कूटर यांच्या बॅटऱ्या पुष्कळ होत्या. जुन्या बॅटऱ्यांतून काढलेल्या घटांच्या माळा विकण्यास त्या शहरानें त्याच वर्षीं बंदी केली. आमच्याकडे तर घराला लागून गोठा व गोठ्याला लागून कडब्याची गंज असते. म्हणून बॅटरी गोठ्यांत, गंजीजवळ, निजण्याच्या खोलींत किंवा एकुलत्या एका दाराशीं भरूं नये. दिवसा, जागेपणीं, मोकळ्या फरशीवर भरावी. फुगलेली, आपटलेली किंवा पुराच्या पाण्यांत बुडालेली बॅटरी पुन्हा भरूं नये. धूर निघाल्यास तो विषारी असतो हें जाणून माणसें व जनावरें आधीं दूर न्यावीं, आणि अग्निशामक दलास बोलवावें.

निकामी बॅटरी उकिरड्यांत वा विहिरींत टाकूं नये. सन २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनीं ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर घातली आहे. ती ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडेच परत न्यावी. घेतांनाच पावतीवर घटाची जात, सांठा व हमीची मुदत लिहून घ्यावी. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी आपण जशी जपून ठेवितों, तशी ही पावतीही जपावी.