सांग्रोच्या खोऱ्यावरील समाधिस्थान

बालाघाटाच्या माथ्यावर, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या वाटेवर, भालचंद्र गणेशाचे लिंबागणेश वसले आहे. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि समुद्र आमच्या पंचक्रोशीस नेहमीच दूरचा. तथापि इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील तोरिनो दि सांग्रो या डोंगरावरील शांत गावाविषयी आस्था बाळगण्यास आम्हांस सबळ कारण आहे, ते असे की, त्या गावाच्या शिवारात एका शिलास्मारकावर पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत.

माथ्यावर दाटीने उभी घरे, उतारावर ऑलिव्हची झाडे व द्राक्षांचे मळे, खाली एड्रियाटिकला मिळणारी सांग्रो नदी आणि किनाऱ्यावर, लाकडी खांबांवर उभारलेली, जाळी सोडण्याची कोळ्यांची मचाणे, ज्यांना तेथे 'त्राबोक्को' म्हणतात, एवढाच त्या प्रदेशाचा संसार. याच नदीच्या खोऱ्यावरील टेकडीवर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे समाधिस्थान आहे. येथे २,६१७ समाधी असून, सेनापती व शिपाई यांत भेद न करणे हे आयोगाचे मूळ तत्त्व असल्याने शिळा सर्वांच्या सारख्याच. ज्यांचा देह धर्माप्रमाणे अग्नीस अर्पण झाला त्या हिंदी सैनिकांसाठी दहनस्मारक निराळे आहे. इटलीतील अशा तीन स्मारकांपैकी हे एक होय.

१९४३ च्या नोव्हेंबरात आठवी ब्रिटिश सेना या नदीवर येऊन ठेपली, तेव्हा पावसाने सांग्रोला पूर येऊन पूल वाहून गेले, आणि पलीकडच्या कड्यावर जर्मनांनी मोर्चे बांधले होते. आठवी हिंदी डिव्हिजन ती उंची चढली. मोत्साग्रोन्या गावात घराघरांतून झुंज झाली. वरून मारा होत असता चिखलातून चढ चढणे म्हणजे काय, हे घाटमाथ्याच्या माणसास निराळे सांगावयास नको. याच डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. तिच्यातील, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतीलच सेनियो नदीच्या काठी, खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबती वाहून नेले, मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी केली, आणि बांधावर उभे राहून मराठ्यांच्या रणघोषाने मागील तुकड्यांना पलीकडे बोलावले. तत्पूर्वी, १० जुलै १९४४ रोजी, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने ठाणे जिंकून तेथेच धारातीर्थी पडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

परकीय सरकारच्या चाकरीत मेले म्हणून हे सैनिक विस्मरणास पात्र, हा न्याय मला मान्य नाही. पानिपताच्या मृतांचे स्मरण आपण पिढ्यान्पिढ्या करतो, मग इटलीच्या डोंगरांत पडलेल्यांविषयी आपल्या शाळांची क्रमिक पुस्तके जवळजवळ मुकी का असावीत? ज्या घरात दुसऱ्या महायुद्धातील पदक, जुना लष्करी कागद किंवा 'इटलीत गेलेल्या' आजोबांची नुसती हकिगत आहे, त्यांनी आयोगाच्या दफ्तरात नाव व पलटण देऊन शोध घ्यावा. ते दफ्तर सर्वांना खुले आहे.