कवटीच्या आत पाहताना

मस्तकाला मार लागलेला मनुष्य क्षणभर मूर्च्छित पडून पुन्हा सावध व्हावा, घरच्यांशी नीट बोलावा, चहाही मागून घ्यावा, आणि सर्वांनी निर्धास्त होऊन त्याला झोपू द्यावे तो काही तासांतच त्याची शुद्ध हरपावी, हा प्रकार शल्यचिकित्सकांना फार पूर्वीपासून परिचित आहे. कानशिलाचे हाड तडकताना त्याच्या आतून जाणारी धमनी फाटली, म्हणजे कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते, आणि कवटीला फुगण्यास वाव नसल्यामुळे त्याचा सारा दाब मेंदूवर येतो.

१८९५ साली वुर्झबुर्ग येथे राँटजेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि त्यांचे पेटंट घेण्याचे नाकारून ती विद्या सर्वांना खुली केली, या औदार्याबद्दल मानवजातीने त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. तथापि प्रस्तुत दुखापतीत साधा एक्स-रे अपुरा पडतो. हाडातील कॅल्शियम किरणांना अडवते म्हणून तडा दिसू शकतो. परंतु रक्त आणि मेंदू त्यांना जवळजवळ सारखेच अडवीत असल्याने आत साचलेल्या रक्ताचा मागमूस त्या फोटोत लागत नाही. त्यामुळे शल्यवैद्याला कित्येकदा लक्षणांवरून अदमास बांधून कवटीला छिद्र पाडावे लागे.

ही अडचण वैद्याने नव्हे, तर गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने दूर केली. त्यांच्या पहिल्या यंत्रात किरणांचा बारीक झोत डोक्याच्या एकाच पातळीतून आरपार सोडून १६० मोजमापे घेतली जात, मग यंत्र एक अंशाने वळवून पुन्हा तितकीच, असे १८० अंशांपर्यंत चाले. आणि या २८,८०० नोंदींची रुजवात घालून आतील प्रत्येक बिंदूची घनता किती, हे संगणक ठरवी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. आज या घनतेच्या मोजपट्टीत पाणी शून्य व हवा उणे १००० धरतात. ताजे गोठलेले रक्त मेंदूहून थोडे वरच्या अंकाचे, म्हणून या यंत्राच्या चित्रात, म्हणजेच सीटी स्कॅनमध्ये, ते कवटीलगत भिंगाच्या आकाराचे पांढरे उमटते. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि स्वतंत्रपणे त्यामागचे गणित मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले, हे सर्वथा न्याय्यच झाले.

हाडाच्या बाबतीतही एक्स-रेच्या ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर मात्र निश्चिंत होऊ नये. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असताना मनगटातील छोट्या हाडाचा अस्थिभंग पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा लपून राहतो आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढलेल्या फोटोत उघड होतो. म्हणून तपासणाऱ्याच्या बोटाखाली तिथे कळ उठली, तर फोटो निर्दोष असूनही हात बांधून ठेवणारा डॉक्टरच खरा जाणता.

डोक्याला मार लागलेल्या माणसाला वारंवार उलट्या होऊ लागल्या, डोकेदुखी वाढत चालली किंवा तो गुंगू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला तत्काळ न्या.