गोळीतलं 'क्लॅव्ह' कशासाठी?

गुढियारीतल्या मेडिकलमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "अमॉक्सिसिलिनसोबत हे क्लॅव्ह कशाला गं?" मी लॅबमध्ये जंतू वाढवणारी, मला प्रश्न फार आवडला!

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम या सगळ्यांच्या रेणूत चार अणूंचं ताणलेलं कडं असतं: बीटा-लॅक्टम. जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला औषध चिकटतं, भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो.

यावर जंतूंचं उत्तर म्हणजे बीटा-लॅक्टमेज. हे एन्झाइम ते कडंच फोडतं. अब्राहम आणि चेन यांनी ते १९४० मध्येच नोंदवलं, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधी!

क्लॅव्ह म्हणजेच क्लॅव्हुलॅनिक आम्ल या एन्झाइमलाच अडकवतं, म्हणजे अमॉक्सिसिलिन शाबूत राहतं.

पण एमआरएसए जंतूकडे औषधाला दाद न देणारं वेगळंच प्रथिन असतं. तिथे क्लॅव्ह कामाचं नाही.

मला खरी धास्ती एनडीएम-१ ची. हे एन्झाइम जस्ताच्या आधारे चालतं, क्लॅव्हला जुमानत नाही आणि कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही फोडतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्येच त्याबद्दल लिहिलं होतं. त्याचं जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर असल्यामुळे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही जातं.

कल्चर रिपोर्टवर 'ईएसबीएल' किंवा 'आर' दिसून गोंधळला असाल, तर कमेंटमध्ये विचारा. औषध मात्र डॉक्टरच ठरवतील.